चारशे बारा नंबरचा घसा

चार वाजायला पाच मिनिटं कमी असताना मास्तरांनी घसा खराब करायला घेतला. आधी दोनदा खाकरले, मग आवाज दाबून "हॅलो" म्हणून बघितलं. फारच बरा निघाला. पुन्हा म्हणून बघितलं. आता आवाज ठीक होता. फाटका, निम्मा हवेत विरणारा, अगदी ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यातल्यासारखा.

फोन वाजला. त्यांनी तिसऱ्या घंटीला उचलला. पहिल्याच घंटीला उचलला की माणूस वाट बघत बसला होता हे पलीकडं कळतं.

"नमस्कार. रुग्ण क्रमांक चारशे बारा ना?"

"हो," मास्तर कुजबुजले.

"गिळताना ठसका लागतो?"

"पाणी पिताना. कधीकधी."

"बोटांना मुंग्या?"

"नाही."

"एका दमात एक ते दहा मोजून दाखवा."

मास्तर सहावर थांबले. मागच्या मंगळवारीही सहावरच थांबले होते. बत्तीस वर्षं शाळेत खेळ शिकवलेला माणूस. लबाडीसुद्धा शिस्तीत करायचा.

मास्तरांच्या मूळच्या आवाजाला शाळेतली पोरं पाठीमागे 'भोंगा' म्हणायची. थायरॉइडची गाठ काढताना आवाजाची नस दुखावली आणि घशातली डावी स्वरपट्टी हलेनाशी झाली. तीन महिन्यांत बहुतेक हलू लागेल, डॉक्टर म्हणाले. मास्तर पार खचले होते. घरी आल्यावर दवाखान्यातून विचारपुशीचा पहिला फोन आला. तिथली रीत अशी, की फोन करणारीनं स्वतःचं नाव सांगायचं नाही आणि रुग्णाचंही घ्यायचं नाही, नुसता नंबर. पण "नमस्कार" एवढ्या एका शब्दात मास्तरांनी ओळखलं. ती त्यांची लेक होती.

नऊ वर्षांपूर्वी तिनं आपलं लग्न आपणच ठरवलं, तेव्हा मास्तरांनी मैदानावरचा आवाज घरात काढला होता. पुन्हा या दारात पाऊल टाकायचं नाही, हे शेजारच्या दोन इमारतींनीही ऐकलं. आई तिच्या लहानपणीच गेलेली, त्यामुळे मध्ये पडायला कुणी नव्हतं. लेकीनं बापाचा शब्द तंतोतंत पाळला. दवाखान्याच्या फॉर्मवर 'घरचं माणूस' असा रकाना आला, तेव्हा मास्तरांनी त्यात आडवी रेघ मारली होती.

आता या फाटक्या आवाजात तिला भोंगा ओळखू येत नव्हता, म्हणून ती बोलत तरी होती. ओळखला असता तर तिथल्या तिथं फोन ठेवला असता, याबद्दल त्यांना शंका नव्हती. आणि आवाज सुधारला की फाइल बंद, फोन बंद. तीन आठवड्यांपूर्वी दूध उतू गेलं आणि मास्तर "अरे, अरे" म्हणून खणखणीत ओरडले. आनंद व्हायचा सोडून त्यांनी घाईघाईनं तोंडावर हात दाबला. त्या दिवसापासून हे सोंग चालू होतं.

"जेवण कोण करतं?" तिनं विचारलं.

"मीच. हा प्रश्नही यादीत आहे का?"

"नवीन घातलाय." मग लगेच विचारलं, "जिना चढताना गुडघा त्रास देतो?"

गुडघ्याचं फाइलीत लिहिलं असेल, मास्तरांना वाटलं. "आहे तसा आहे," ते म्हणाले. तिच्या मागं कुठलंसं पोर गाणं म्हणत होतं. दवाखाना म्हटला की कुणाची ना कुणाची पोरं असायचीच. सुरुवातीला मागं सारखे दुसरे फोन वाजायचे. हल्ली कामाची गर्दी कमी झाली असावी.

"उद्या तपासणी म्हणालात ना? नीट जा. चालत जाऊ नका."

मास्तरांनी फोन ठेवला. पुढच्या मंगळवारपर्यंत त्या घरात त्यांच्याशी कुणी बोलणार नव्हतं. उद्या घशानं दगा दिला, तर त्यानंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नाकात बधिर करणारा फवारा मारला आणि टोकाला दिवा असलेली बारीक नळी आत सरकवली. शेजारच्या पडद्यावर मास्तरांचा घसा उजळला. गुलाबी भिंती आणि मध्ये दोन पांढऱ्या पट्ट्या.

"'ई' म्हणा."

मास्तरांनी मरगळलेला 'ई' काढला. उजवी पट्टी सरकली. तू गप पड, असं ते डावीला मनातल्या मनात दरडावत होते. तीही सरकली, आणि दाराच्या दोन फळ्यांसारख्या दोघी मिटल्या.

"आता नाकानं हुंगा."

दोघी उघडल्या.

डॉक्टरांनी नळी बाहेर काढली. "मास्तर, आवाजाचं सोंग आणता येतं, पट्टीचं नाही," ते हसत म्हणाले. "डावी मस्त हलतेय. आता नेहमीसारखं बोला बघू."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते फवाऱ्याचं म्हणून खपून गेलं. शेवटी ते आपल्या जुन्या, भरघोस आवाजात म्हणाले, "डॉक्टर, एक विनंती आहे. हे आणखी महिनाभर फाइलीत लिहू नका."

"का बुवा?"

"फोन बंद होतील."

"कुठले फोन?"

"तुमचे. विचारपुशीचे. दर मंगळवारी चार वाजता येतो. काल दहावा झाला."

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवून फाइलीची पानं मागं उलटली.

"आमचे फोन दोनच असतात, मास्तर. ते तर कधीच संपले." एका कागदावर त्यांचं बोट थांबलं. "हा तुमचा फॉर्म. दुसऱ्या फोनच्या तारखेला 'घरचं माणूस' या रकान्यातली रेघ कुणीतरी खोडलीय." कागद खिडकीकडे धरून त्यांनी वाचलं, "'मुलगी. यापुढची विचारपूस घरून होईल.'"