शुक्रवारचा निकाल

“तीन चतुर्थांश अधिक पाच अष्टमांश. किती?”

बारा वर्षांच्या वाणीनं घेवडा निवडता निवडताच सांगितलं, “एक पूर्णांक तीन अष्टमांश, ताता.” तिच्या आजोबांनी, बालाजीरावांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे ओट्याशी उभ्या असलेल्या नंदिताला काही कळेना. सत्तर वर्षं तमिळ मुलखात काढलेल्या माणसाची मान ती, दोन्हीला सारखीच हलायची.

नंदिताचा जीव टांगणीला लागला होता. सासरे सोमवारी तंजावरहून आले ते सांगूनच. “चार दिवस पाहतो. शुक्रवारी निकाल. घरी शिकून पोरं कच्ची निघाली तर जूनपासून तिघं शाळेत.” हेडमास्तर होऊन निवृत्त झालेला माणूस, त्यांच्यापुढे बोलायची कुणाची छाती? मुरलीनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, “अप्पा म्हणतील तसं” म्हणून अंग काढून घेतलं आणि सिरुसेरीचं ऑफिस गाठलं. आज शुक्रवार होता. अप्पांची पिवळी कापडी पिशवी चार दिवस त्यांच्या हातून सुटली नव्हती. शाळेचे फॉर्म तिच्यातच असणार, अशी नंदिताची खात्री होती.

अप्पांना आपण आवडत नाही, हे तिनं केव्हाच ओळखलं होतं. सांगलीहून लग्न होऊन आल्यापासून ती दर दिवाळीला त्यांना हातानं लिहून पत्र पाठवी. मुरली घरात मराठी बोले, पण वाचायच्या नावानं शून्य. अप्पांचं ते जुन्या वळणाचं मराठी ऐकून तिला वाटलं होतं, चला, सासरी एक तरी वाचक मिळाला. दरवर्षी फोन येई, “पत्र पोचलं.” पुढे अवाक्षर नाही. दोन वर्षांपूर्वी मुलांना शाळेतून का काढलं, ते तिनं चार पानं भरून लिहिलं, आशीर्वाद मागितला. “पत्र पोचलं.” त्या दिवशी ती बाथरूमचा नळ सोडून रडली होती.

घराचा नियम सोपा होता. सकाळी जो जे शिकेल, त्यानं ते जेवणाआधी खालच्याला शिकवायचं. वाणीनं अनयला, नऊ वर्षांच्या अनयनं पाच वर्षांच्या गोदाला. तेवढ्यात नंदिताचा भात, सांबार आणि टाकीत पाणी चढवायची मोटार, सगळं उरकायचं. गोदाच्या खाली मात्र कुणीच नव्हतं, आणि तेच तिचं मोठं दुःख होतं. बाहुली काही शिकेना. खालचे वॉचमनकाका दोन दिवस शिकले आणि तिसऱ्या दिवशी तिला बघून गेटाबाहेर जाऊन बसले.

अनयनं सतराचा पाढा उलटा म्हणून दाखवला. अप्पांनी परत तशीच मान हलवली आणि गोदाकडे वळले. “आता ही. हिला काय येतं?”

“मला शिकवता येतं,” गोदा म्हणाली. तिनं पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘गवत’ लिहून ती आजोबांच्या मांडीवर ठेवली. “वाचा, ताता.”

अप्पांनी पाटी जवळ धरली, लांब धरली. “चष्मा नाही.”

“डोळ्यांवरच आहे की!” अनय फिदीफिदी हसला.

नंदिता त्याला दटावायला वळली आणि तिथंच थांबली. अप्पांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“मज वाचता येत नाही,” ते हळूच म्हणाले. “बोलायला आईनं शिकवलं. शाळेत तमिळ शिकलो, इंग्लिश शिकलो. हे राहून गेलं. आणि तंजावरात सगळे मज मराठी हेडमास्टर म्हणत. मग विचारू कुणास?”

“अप्पा, मग माझी पत्रं?”

अप्पांनी पिवळी पिशवी उघडली. आत फॉर्म नव्हते. नंदिताची सगळी पत्रं होती, सुतळीनं बांधलेली, घड्यांवर झिजून मऊ पडलेली.

“दर दिवाळीस काढून बघतो. अक्षर फार सुंदर तुझं. तेवढंच कळतं.”

अगं बाई! इतकी वर्षं या माणसावर आपण रुसून बसलो! नंदिताला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळेना. तिनं गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि बंडलाकडे हात पुढे केला. “द्या अप्पा, मी वाचून दाखवते. आत्ताच्या आत्ता.”

“नको. मज आलेली पत्रं, मीच वाचणार.” त्यांनी सर्वांत जाड पाकीट वर काढलं. “ह्यात काय आहे?”

“मुलांना घरी का शिकवते, ते.”

“सरि, बरं. मग हेच आधी.”

गोदानं तोवर फ्रॉकनं पाटी स्वच्छ पुसली होती. “ताता, मांडी घाला. पाठ ताठ.” हेडमास्तर गुडघे कडकडवत तिच्यासमोर फरशीवर बसले. गोदाचा चेहरा असा फुलला, की वाणीनं घेवडा बाजूला ठेवला आणि ती बघतच राहिली.

एवढ्यात मुरलीचा फोन आला. नंदितानं स्पीकर लावला.

“अप्पा, काय निकाल?”

“घाई करू नको,” अप्पा पाटीवरचा ‘अ’ गिरवत म्हणाले. “आधी मी पास होतो का, ते बघू दे.”