नळी चिरताना

शिंपीकाका शुद्धीवर होते, हीच पंचाईत होती. दोन तासांच्या खटपटीनंतर पेसमेकरची तार हृदयात नेमक्या जागी बसली होती. आता तिला तिथवर नेणारी नळी उभी चिरत बाहेर ओढायची होती. तार केसभर हलली, की सगळं पहिल्यापासून. मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरणीला म्हणाले, “काप तू.” काकांनी चादरीच्या फटीतून पाहिलं, तर पातं धरलेला तिचा हात थरथरत होता! असल्या हाती त्यांनी दुकानातली चिंधीसुद्धा दिली नसती. “साहेब,” ते कसेबसे म्हणाले, “पोर गुणी असेल, पण हात बघा तिचा. तुम्हीच कापा ना!” तिनं हात उचलला. हवेत तो खांबासारखा स्थिर राहिला. “काका, हात तुमच्या छातीवर टेकला होता,” ती म्हणाली. “थरथर तुमची आहे. हलू नका.” तिनं हात पुन्हा टेकवला. तो लगेच थरथरू लागला.