नऊची बस

आमच्या गावातून लुब्लिनला रविवारी एकच बस, सकाळी नऊची. दोन वर्षांपूर्वी बोझेना हात वर करून तिच्यामागे धावली होती. नवरा यान लुब्लिनच्या हॉस्पिटलात अखेरच्या घटका मोजत होता. ड्रायव्हर लेशेकने तिला पाहिलं आणि गाडी तशीच पुढे काढली. यान त्या दुपारी गेला, बायकोची वाट बघत.

लेशेक आता रिटायर झालाय. मार्चच्या शेवटच्या शनिवारी तो तिला दुकानात भेटला.

"उद्या पोरगी लुब्लिनहून नॉर्वेला चाललीय, कायमची. तिला निरोप द्यायला नऊच्या बसने विमानतळावर जातो. आज रात्री घड्याळं बदलायची ना? तासभर मागे. चला, झोप तरी जास्त मिळेल!"

मागे नव्हे, पुढे करायची होती; मार्चअखेरीस उन्हाळ्यासाठी सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढे जातात. बोझेना म्हणाली, "हो, झोप निवांत."

दुसऱ्या दिवशी बस सुटली, तेव्हा लेशेकच्या घड्याळात सातच वाजले होते; खिडकीतून बस जाताना दिसली, तसा तो घराबाहेर धावत आला. कोटाची एकच बाही चढवलेली, हात वर, तोंडाने हाका. पुढच्याच सीटवर बोझेना बसली होती. नवा ड्रायव्हर गोंधळला.

"काकू, थांबू का?"

बोझेनाने लेशेकला जरा धावू दिलं. मग म्हणाली, "थांब."

धापा टाकत तो चढला. सगळी बस भरलेली. बोझेनाने शेजारच्या सीटवरची आपली पिशवी मांडीवर घेतली.



"बस इथे, लेशेक. लुब्लिन यायला तास आहे. यान शेवटी काय काय बोलला, ते नर्सने मला सगळं सांगितलंय. आता तू ऐक."