वरच्या पट्टीत

"अजून वर," मास्तर म्हणाले.

"वर जागाच नाही, मास्तर. शून्याच्या पुढे गेलं की आवाज फाटतो."

"मग जागा कर." हेडफोन टेबलावर टाकून ते चालू लागलेसुद्धा.

पडद्यावरचा लाल ठिपका लुकलुकत राहिला. आवाजाचं संपादन करायच्या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात मोठी पट्टी नव्याने बनवायचं काम तिच्या वाट्याला आलं होतं. मास्टर. ती सरकवली की गाणारा, वाजवणारे, टाळ्या, सगळ्यांचा आवाज एकदम कमी-जास्त होणार आणि फाईलही त्याच आवाजात बाहेर पडणार. जुनी पट्टी शून्याच्या पुढे बारापर्यंत जायची. तिची शून्यावर थांबत होती. सहा महिने तिने त्यावर डोकं लावलं होतं. पण मास्तरांनी मान हलवल्याशिवाय इथून काही बाहेर पडत नसे. निम्म्या ऑफिसला हे काम त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून तर ते मास्तर. ऑफिस चालवणाऱ्या मॅडमनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, शुक्रवारपर्यंत त्यांचा होकार आण, नाहीतर जुनीच पट्टी राहील.

"सोड ना नाद," शेजारच्या टेबलावरचा म्हणाला. "मास्तर कुणाचं ऐकत नाहीत."

"मग मीही कुणाचं ऐकत नाही," ती म्हणाली आणि कामाला लागली.

सॉफ्टवेअरबरोबर जाणारी नमुन्याची गाणी मास्तर तयार करत. यंदाच्या गाण्यांबद्दल तक्रारींचा पाऊस पडला होता, आवाज फाटतो म्हणून. मास्तरांनी खापर सॉफ्टवेअरवर फोडलं होतं. तिने त्यांच्या सगळ्या जुन्या फायली उघडल्या आणि प्रत्येक गाण्यात पट्टी किती वर होती ते उतरवून काढलं. चार वर्षांपूर्वी शून्य. मग तीन. मग सात. यंदा अकरा. तिने मूठ आवळली. आता कुठे पळतील? कागद छापून ती तडक त्यांच्या खोलीत गेली.

मास्तर पाठमोरे बसले होते. हेडफोन गळ्यात होते. मागच्या खिडकीत त्यांचा फोन वाजत होता.

"मास्तर."

ती दारातून आत सरकली.

"मास्तर!" तिने आवाज चढवला. बघा, म्हणे ऐकत नाहीत. तिचं डोकं सणकलं. फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. मास्तरांनी मानही वळवली नाही. हेडफोनचं चाक शेवटापर्यंत पिळलेलं तिला दिसलं.

मग तिची सावली टेबलावर पडली आणि ते दचकून वळले. "काय गं?" त्यांची नजर तिच्या डोळ्यांवर नव्हती, ओठांवर होती.

"काही नाही," ती म्हणाली. हातातल्या कागदाने तिची पट्टी जिंकली असती आणि मास्तरांची खुर्ची गेली असती. तिला स्वतःचीच लाज वाटली. जिन्यात येऊन तिने कागदाचे बारीक तुकडे केले. मग जागेवर बसली आणि दोन दिवस मान वर केली नाही. हार मानायची नव्हतीच. फक्त कुणाला हरवायचंही नव्हतं.

शुक्रवारी मॅडम तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या, शेजारी मास्तर. पडद्यावर मोठी पट्टी शून्यावर थांबलेली. तिच्या बाजूला एक बारीक पट्टी, वर कानाचं चित्र.

"ही दुसरी कशाला?" मॅडमनी विचारलं.

"ही फक्त काम करणाऱ्याच्या कानापुरती. कितीही वर न्या, फाटला तर त्याच्याच कानात फाटेल. फाईलला धक्का लागत नाही."

"पण लागणार कुणाला ती?"

मास्तर तिच्या ओठांकडे बघत होते. तिने सरळ उत्तर दिलं.

"मला. मला कमी ऐकू येतं."

मॅडम गडबडल्या. मास्तरांनी खुर्ची ओढली.

"हिचे कान चांगले शाबूत आहेत, मॅडम," ते म्हणाले. "गेलेत ते माझे."

त्यांनी हेडफोन चढवले. मोठ्या पट्टीला हात लावला नाही. बारीक पट्टी मात्र थेट टोकाला नेली आणि टेबलावरचा माईक तिच्यापुढे सरकवला. चार वर्षं ती त्यांच्याशी वरच्या पट्टीतच बोलत आली होती. आता ती माईकजवळ वाकली.

"मास्टर शून्यावरच थांबेल, मास्तर," ती कुजबुजली.

मास्तरांनी डोळे मिटले होते.

"थांबू दे," ते म्हणाले. "ऐकलं तुझं."