सातवं कलम, पुन्हा एकदा

"सातवं कलम पुन्हा एकदा वाचता का?" प्राध्यापक म्हणाले.

वकीलबाईंनी ओठ आवळले. हे कलम त्यांनी याच खुर्चीत बसून इतक्यांदा वाचलं होतं, की आता झोपेतही म्हणून दाखवलं असतं. तरी चष्मा सावरून त्यांनी सुरुवात केली.

खरं तर कोर्टाची पायरी त्या कधी चढल्याच नव्हत्या. विद्यापीठातल्या संशोधनाला गिऱ्हाईक शोधायचं, पेटंट काढायचं, कंपनीशी परवान्याचा करार जुळवून द्यायचा, हे त्यांचं काम. पदवी कायद्याची, म्हणून सगळे वकीलबाई म्हणत.

प्राध्यापकांचं यंत्र हातोहात खपण्यासारखं होतं. माणूस बोलला की आवाजातला बारीक कंप टिपून नसांचा एक आजार ते कितीतरी वर्षं आधी ओळखायचं. वेळेत कळलं तर औषधाने आजार जागीच थांबे. पहिल्याच बैठकीत त्यांनी कंपनीच्या माणसाला, वकीलबाईंना आणि दारातून डोकावलेल्या ग्रंथपालांनाही चार-चार वाक्यं बोलायला लावली होती. कंपनीचा माणूस जाम खूश. प्राध्यापकांनी सहीसाठी पेन उचललं, थांबले, आणि म्हणाले, "करार आधी नीट ऐकू द्या मला."

तेव्हापासून हे घोडं पेंड खात होतं.

"कंपनी महिनाअखेरपर्यंतच थांबेल," विभागाच्या संचालकांनी वकीलबाईंना बजावलं होतं. "प्राध्यापकांना काय हवंय, ते काढून घ्या."

पण काढायचं कसं? प्राध्यापक ना रक्कम वाढवून मागत, ना एखादा शब्द बदलत. फक्त म्हणत, "वाचा." डोळे दुखतात, ही सबब. आणि त्याच डोळ्यांनी केसाएवढ्या तारा डाख देऊन जोडताना बाईंनी त्यांना पाहिलं होतं.

घरी नवरा हसला. "मी तुझी दोन वाक्यं धड ऐकत नाही, म्हणून देवाने हा श्रोता पाठवलाय. भाग्य समज!"

बाईंना हसू आलं, पण कुतूहल काही स्वस्थ बसू देईना. पाणी कुठेतरी मुरत होतं. मग एके दुपारी प्रयोगशाळेतून एक उंच, टापटीप गृहस्थ बॅग घेऊन बाहेर पडताना दिसले. बाईंना बघताच प्राध्यापकांनी बोलणं अर्धवट तोडलं.

अच्छा! म्हणजे दुसरी कंपनी. मागच्या दाराने बोली लावतेय. बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि थोडं वाईटही वाटलं. हा माणूस असा वाटला नव्हता.

आज तर ते गृहस्थ खिडकीशी चक्क खुर्ची टाकून बसले होते. प्राध्यापकांनी ओळख करून दिली नाही, की गृहस्थांनी तोंड उघडलं नाही. मान तिरकी करून नुसते ऐकत होते.

"यंत्राचा निष्कर्ष चुकीचा ठरल्यास..." बाईंनी वाचलं, आणि कागद टेबलावर आपटला. "पुरे, सर! माझी नोकरी पणाला लागलीय. सही करायची नसेल तर तोंडावर सांगा. हे कुठल्या कंपनीचे?"

प्राध्यापकांनी खिडकीकडे पाहिलं. गृहस्थांनी हळूच होकारार्थी मान हलवली. तेव्हा प्राध्यापकांनी पेन घेतलं, आणि एक अक्षरही न वाचता सगळ्या पानांवर सह्या केल्या.

बाई बघतच राहिल्या. "मग इतके दिवस मला का ताटकळत ठेवलंत?"

"यंत्र चुकतंय, अशी माझी समजूत होती," प्राध्यापक म्हणाले. त्यांच्याने वर बघवेना. "निदान आशा तरी. दर खेपेला सगळं उसकटून नव्याने जोडत होतो, आणि तुम्हाला वाचायला लावत होतो. तुम्हाला विचारायला हवं होतं. धीर झाला नाही."

खिडकीजवळची खुर्ची सरकली. गृहस्थ बाईंच्या समोर येऊन बसले.

"मी कंपनीचा नाही, बाई. नसांचा डॉक्टर आहे," ते मऊ आवाजात म्हणाले. "घाबरू नका, आपण अगदी वेळेत आहोत. जरा उजवा हात पुढे करता?"