डावा तळहात

शिवानीचा क्रिकेटवेडा आज्जा तिची बास्केटबॉलची मॅच बघायला लातूरहून नांदेडला आला खरा, पण मोबाइलवर भारताची फायनल लावूनच बसला. तिच्या खोलीतल्या पोस्टरवरच्या अमेरिकन खेळाडूला तो ‘लांबड्या’ म्हणायचा. सामना सुरू होताना पंचांनी तिला थांबवलं. “गळ्यात काही चालणार नाही.” गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग होतं. लिंगायत घरात ते अंगावेगळं करत नाहीत. ती आज्जाशेजारी येऊन बसली. “राहू दे, आज्जा. न्हाई खेळत मी.” आज्जानं मोबाइल बंद केला, बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले आणि डावा तळहात पुढं केला. “आण. रोज पूजेला हितंच घेतो की. जा, लांबड्यावाणी खेळ.” शिवानीनं लांबून टाकलेला चेंडू जाळीत पडला. आज्जाला टाळी वाजवायची होती, पण डावी मूठ मिटलेली. त्यानं उजवा हात शेजारी आपल्या मोबाइलवर क्रिकेट बघत बसलेल्या माणसाच्या तळहातावर हाणला.