उन्हाकडे पाठ

निवृत्तीनंतर बाबांनी कॅमेरा घेतला आणि सरावाला त्यांना मी सापडले. त्या रविवारीही त्यांनी मला गच्चीवर उभं केलं.

“डोळे नीट उघड.”

“ऊन डोळ्यांत जातंय, बाबा. झालं का?”

कॅमेऱ्यातला फोटो पाहून मला हसू आलं. “पुन्हा तुमची सावली! उन्हाकडे पाठ करून उभे राहता, मग ती येणारच ना फोटोत.”

“म्हातारा विद्यार्थी आहे, बाईसाहेब, जरा दमानं घ्या. उद्या जागा बदलून बघतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून दादाने सगळी कपाटं पालथी घातली. “जगाचे फोटो काढत फिरले आणि स्वतःचा एक धड नाही,” तो म्हणाला.

मी कॅमेरा उघडला. शेवटच्या फोटोत मी डोळे बारीक करून उभी होते आणि माझ्या पायांपर्यंत बाबा आले होते. डोक्यावर टोपी, दोन्ही कोपरं वर उचललेली, मान किंचित कललेली. त्याआधीचा फोटो पाहिला. त्यातही होते. त्याच्या आधीच्यातही.

दादा तिथेच होता, तरी मी मोठ्याने म्हणाले, “फोटो छान आलाय, बाबा. जागा बदलू नका.”